आप्पांनी पुजलेला कम्प्युटर

हं... मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा. मृदंगाला घटकाभर विसावा. आणि पेटीवाले बुवा, तुम्ही नुसता सूर धरा — हां, एवढाच! पुरे.

पूर्वरंगात आपण आईचं रूप पाहिलं. आठ हात, आणि एकही हात रिकामा नाही. आज अष्टमी. उद्या काय? ...जोरात बोला, आईला ऐकू जाऊ द्या! खंडेनवमी! उद्या घराघरांत हत्यारं पुजायची. शिंपीदादा मशीन पुसतील, रिक्षाला हार चढेल, आमच्या माउल्या विळीला कुंकू लावतील — वर्षभर बोट कापते, तरी लावतील! चांगली रीत आहे. जी वस्तू आपल्यासाठी राबते, तिला एक दिवस विश्रांती द्यायची, तिच्यापुढे हात जोडायचे. जगात सगळीकडे नाही हो हे!

पण प्रश्न असा आहे, की हत्याराला हळदकुंकू वाहिलं म्हणजे पूजा झाली का? आणि या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न. आपल्या हातून काही बिघडलं, तर दुरुस्तीला सुरुवात कुठून करायची? पान्यापासून? स्क्रूपासून? कुठून?

काय म्हणालात काका? 'मिस्त्रीला फोन करण्यापासून!' वा! हसू नका, बरोबर बोलले ते. आमच्या आख्यानातही मिस्त्रीला फोन होणार आहे. पण तो मिस्त्री आल्या आल्या काय विचारतो, तेवढं ध्यानात ठेवा.

यंत्र पुसियले, फूल वाहिले, दिवा लाविला दारी ।
आतला गुंता तसाच राहिला, पूजा कशाची सारी ॥

ऐका तर. इचलकरंजी. मागांचं गाव. तिथं घड्याळ नसलं तरी चालतं, मागांचा खडखडाट थांबला की माणसं झोपेतून दचकून उठतात — 'काय झालं? एवढी शांतता कशी?' अशा त्या गावात एक गृहस्थ होते, मल्हारी खारगे. सगळं गाव त्यांना आप्पा म्हणायचं. आप्पा होते जॉबर. जॉबर म्हणजे कोण? मागाचा वैद्य! माग अडला, धागे तुटायला लागले, कापड तिरकं यायला लागलं, की बोलवा आप्पांना. आप्पा यायचे, मागाजवळ उभे राहायचे, आणि हत्याराला हात लावायच्या आधी मागावरच्या माणसाला विचारायचे, 'काय केलंस?'

आता मागावरचा माणूस काय उत्तर द्यायचा? तुम्ही-आम्ही काय देतो? 'काय न्हाई आप्पा! आपोआप बंद पडला!'

मंडळी, हा शब्द नीट ऐकून ठेवा. आपोआप! आपल्या मुलुखात कोणी काही बिघडवत नाही. कप आपोआप फुटतो. दूध आपोआप उतू जातं. टीव्हीचा रिमोट पाण्याच्या बादलीत आपोआप चालत जातो! कर्ता कोणी नाहीच. सगळी देवाची करणी. तो बिचारा विटेवर उभा राहून विचार करत असेल, की रिमोट मी कधी टाकला बरं?

पण आप्पांपुढे हे चालायचं नाही. आप्पा शांतपणे म्हणायचे, 'लेका, माग आपोआप बिघडत न्हाई. तू काय केलंस ते सांग, म्हंजे मी काय करायचं ते मला कळंल. मी तुला मारनार न्हाई. पर खोटं सांगितलंस, तर मी चुकीच्या जागी हात घालीन, आन् चांगला माग वाया जाईल.' किती सरळ! ओशाळलेला माणूस मग खरं सांगायचा, आणि माग लागायचा चालू. आयुष्यभर आप्पांनी हा धडा दुसऱ्यांना शिकवला. दुसऱ्यांना! आता पुढे ऐका.

आप्पा निवृत्त झाले. घरामागं पत्र्याच्या शेडात स्वतःचे चार माग, मुलगा ते बघायचा. साधं पांढरं कापड निघायचं. घरात बायको आक्काताई — जिभेनं जरा तिखट, पण मनानं साय — आणि सून रोहिणी. या रोहिणीनं लग्नाआधी कम्प्युटरवर नक्षी काढायचं शिक्षण घेतलं होतं. साड्यांच्या काठांची नक्षी. सासरी येताना तिनं रुखवतात काय मांडलं असेल? कम्प्युटर! बायका बघायला आल्या — लाडू कुठायत, चिवडा कुठाय? तर मधे हा डबा, आणि त्याच्यावर लोकरीचा रुमाल. आक्काताई चार दिवस गप्प होत्या. म्हणजे विचार करा!

पण आप्पांना सुनेचं कौतुक. श्रावण लागल्यापासून रोहिणी रोज दुपारी बसून काठ काढायची. चाफ्याच्या कळीचा काठ. शंखाचा काठ. मोगऱ्याच्या पाकळीचा. आणि दिवेलागणीला आप्पांना हाक मारायची, 'आप्पा, हे बघा जरा. हा मागावर चढंल का?' आप्पा चष्मा पुसून बघायचे. 'हितं धागा लई लांब सुटलाय पोरी. हितं एक गाठ धर.' ती तिथल्या तिथं दुरुस्त करायची. आप्पांना नवल वाटायचं. आयुष्यभर ते कापडाच्या पोटात वाकून बघत आले, आणि ही मुलगी कापड जन्माला यायच्या आधी त्याचा काठ दाखवतेय! एके दिवशी तिनं एक नवा काठ दाखवला. ओळीनं धोटे. धोटा ठाऊक आहे ना? मागात आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावतो तो लाकडी धोटा. ती म्हणाली, 'हा तुमच्यासाठी काढला, आप्पा.' आप्पा उठले. बाहेर जाऊन उगाच नळ चालू करून तोंड धुवून आले. त्यांना रडू आलं होतं हो, दुसरं काय!

आणि या काठांवर काय अवलंबून होतं, तेही ऐका. सांगलीकडचे एक कापड व्यापारी दसऱ्याच्या सकाळी घरी येणार होते. त्यांचा रिवाज असा, की नवं काम दसऱ्याच्या मुहूर्तावर ठरवायचं. त्या दिवशी ठरलं तर ठरलं, नाहीतर पुढच्या दसऱ्याला या! त्यांना एखादा काठ पसंत पडला, तर घरच्या चार मागांवर पांढऱ्या कापडाऐवजी साड्या चढणार. आणि नाही पडला, तर रोहिणीनं पुढच्या महिन्यापासून शिवणाच्या कारखान्यात जायचं, असं तिचं नवऱ्याशी बोलणं झालेलं. भांडून नव्हे, समजुतीनं. पण तिचा जीव त्या काठांत अडकला होता. आणि ते सगळे काठ होते त्या एका डब्यात. दुसरीकडे कुठे प्रत? नव्हती! 'करू सावकाश,' म्हणत राहिली. आपणही म्हणतो. सावकाश!

आली खंडेनवमी. सकाळी माग बंद. मुलगा टेंपो घेऊन सूत आणायला सोलापूरकडे गेलेला. आक्काताईंनी सांगून ठेवलं होतं, 'आज कुनीबी कामाला हात लावायचा न्हाई.' रोहिणी शहाणी मुलगी. तिनं विचार केला, आज काठ काढायचे नाहीत. आणि हा कम्प्युटर कितीतरी दिवस मागं लागलाय, 'मला अपडेट करा, मला अपडेट करा.' आज विश्रांतीचा दिवस, तर होऊन जाऊ दे. आता अपडेट म्हणजे काय, ते आजीबाई विचारतायत. सांगतो. कम्प्युटरच्या आत सगळा कारभार बघणारा एक कारभारी असतो. त्याला अधूनमधून नवी शिकवण द्यावी लागते. ती देत असताना तो कुणाशी बोलत नाही, पडद्यावर पाटी लावून बसतो — काम चालू आहे, बंद करू नका. गुरुचरित्राच्या पारायणाला बसलेल्या माणसाला मधेच उठवतात का? नाही ना! तसं.

रोहिणीनं अपडेट चालू केलं आणि पुरण वाटायला आत गेली. सासूला सांगितलं, 'आई, कम्प्युटरला हात लावू नका हं.' सासूला सांगितलं. सासऱ्यांना सांगायचं राहिलं.

इकडे आप्पा आंघोळ करून, सोवळं नेसून, हातात ताम्हन घेऊन निघाले. शेडातले माग पुजले. पाने पुजले, हातोडी पुजली. आणि त्यांच्या मनात आलं, घरात आणखी एक हत्यार आहे. माझ्या सुनेचं हत्यार! तिचाही मान व्हायला हवा. बघा मंडळी, मनात किती चांगलं होतं! माजघरात आले. बघतात तर काय — कम्प्युटर चालू! पडद्यावर ठिपके गोल गोल फिरतायत. खाली इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं, आणि एक आकडा हळूहळू वाढतोय. चष्मा देवघरात राहिलेला.

'शिव शिव!' आप्पा म्हणाले. 'खंडेनवमीला यंत्र चालू?'

जन्मभर त्यांनी चालत्या यंत्राला कधी कुंकू लावलं नव्हतं. आधी बंद करायचं, निवू द्यायचं, पुसायचं, मग पूजा. जॉबरची शिस्त! 'रोहिणीऽ!' त्यांनी हाक मारली. आत मिक्सरची घरघर, तिला कुठून ऐकू यायला? आप्पांनी पुन्हा हाक मारली. मग स्वतःशीच म्हणाले, 'इसरली असंल पोर.' आणि गेले भिंतीपाशी, आणि केलं बटन बंद!

...बुवा, सूर थांबवू नका. एवढं काही झालं नाही अजून.

पडदा काळा झाला. आप्पांनी कोरड्या फडक्यानं डबा पुसला. मायेनं पुसला हो, खाचाखोचांतून. कुंकवाचं स्वस्तिक काढलं. झेंडूची माळ घातली. अगरबत्ती ओवाळली. नारळ मात्र बाहेर पायरीवर फोडला — डब्यावर नाही फोडला, एवढी आईची कृपा! आणि मनापासून म्हणाले, 'माझ्या पोरीला यश दे.' आणि निघून गेले.

जेवणं झाली. पुरणपोळी, कटाची आमटी. रोहिणी हात पुसत आली, बघते तर कम्प्युटर काळा. भिंतीवरचं बटन बंद. ती हसली, आप्पांनी पूजा केलेली दिसते. अपडेट कधीच होऊन गेलं असेल आणि मग बंद केलं असेल, असं तिला वाटलं. तिनं चालू केलं. पडदा निळा झाला. ठिपके फिरले. 'दुरुस्तीची तयारी चालू आहे' अशी पाटी आली. मग काळोख! मग परत निळा, परत ठिपके, परत काळोख. कितीदा बघितलं, तेच.

आता घरातले उपाय ऐका. आक्काताई म्हणाल्या, 'माळ काढ, हार जड झाला असंल.' माळ काढली. मग म्हणाल्या, 'दृष्ट लागली. शेजारीण काल काठ बघून गेली की न्हाई?' मीठमोहऱ्या उतरवल्या. शेजारीणच धावत आली आणि म्हणाली, 'आमच्यात डब्याला बाजूनं एक चापट मारत्यात.' मारली. कम्प्युटर ढिम्म. त्याला चापटीचं काय, तो काय तुमचा नवरा आहे उठून बसायला!

शेवटी फोन केला इरफान मुजावरला. स्टँडजवळ त्याचं दुरुस्तीचं छोटं दुकान. गडी स्वभावानं शांत, कामाचा. सणाचा दिवस म्हणून हातात पेढ्याचा पुडा घेऊन आला. बसला. दोनदा चालू करून बघितलं. आणि मग त्यानं विचारलं. काय विचारलं असेल? काका, तुम्ही सांगा!

'काय केलं हुतंसा?'

तोच प्रश्न! आप्पांचा प्रश्न! दाराशी आप्पा उभे होते. त्यांच्या कानात स्वतःचाच आवाज घुमला.

रोहिणी म्हणाली, 'मी सकाळी अपडेट लावलं आणि आत गेले. नंतर आप्पांनी पूजेसाठी बंद केलं.'

इरफाननं वर बघितलं. 'आप्पा, तुमी बंद केलासा तवा पडद्यावर काय चालू हुतं का?'

मंडळी, इथं एक क्षण थांबू या. आप्पांना काय वाटलं असेल? त्यांच्या डोळ्यांपुढे फिरणारे ठिपके आले. वाढत जाणारा आकडा आला. आणि त्यांना एकदम कळलं. मागात धोटा ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्यांच्या, मधोमध असताना कोणी माग बंद केला, तर काय होतं? धोटा अडकतो, धागे ताणतात. त्यांनी कितीतरी पोरांना त्याबद्दल फैलावर घेतलं होतं. आणि आज त्यांनीच धोटा मधे असताना माग बंद केला! शेजारीण बघतेय, बायको बघतेय, सून बघतेय. जन्मभर ज्याच्या हातानं एक माग बिघडला नाही, असा माणूस! तोंडातून काय यावं?

'न्हाई,' आप्पा म्हणाले. 'काय चालू नव्हतं. पडदा काळाच हुता. आधीच... आपोआप बंद पडला हुता.'

आपोआप!

बघा, किती हलका शब्द आहे. फुलासारखा तोंडातून निघाला. पण कुठे जाऊन पडला? रोहिणीच्या डोक्यावर! इरफान विचारात पडला. 'वीज गेली हुती का?' नव्हती गेली, मिक्सर चालू होता की! 'मग वहिनी, लक्षण बरं न्हाई. वीज चालू, कुनी हात लावला न्हाई, आन् अपडेट चालू असताना डबा बंद पडला, म्हंजे आतली डिस्कच चालली. तिच्यातलं वाचवायचं म्हटलं तर ती काढून पुण्याला पाठवाय पायजे. दिवाळीनंतर कळंल, काय निघालं आन् काय न्हाई.'

'उद्या व्यापारी यायलेत हो,' रोहिणी म्हणाली.

'मग एकच. सगळं पुसायचं, नव्यानं बसवायचं. चार दिवस तरी चालंल. पर आतलं काय उरनार न्हाई.'

आक्काताईंची जीभ सुटली. 'तुला आजच्या दिवशी कशाला चालू करायचं सुचलं ग? सांगितलं हुतं न्हाई, आज कामाला हात लावू नगंस! देवीला पटलं न्हाई ते.' आणि रोहिणी काय म्हणाली? उलटून बोलली? नाही. मान खाली घालून म्हणाली, 'माझंच चुकलं, आई. मीच चालू केलं. माझ्याच हातानं घालवलं सगळं.'

माउल्यांनो, तुमच्यातल्या कितीजणींनी दुसऱ्याचा दोष असा पदरात घेतलाय, ते तुम्हालाच ठाऊक. रोहिणी रडली नाही. डोळे भरले, तिनं पुसले. इरफानला म्हणाली, 'पुसा तुम्ही. मला आठवतील तेवढे दोन-तीन काठ मी पुन्हा काढते. बाकीचे गेले तर गेले.' आणि मग, आप्पांकडे न बघता, हळूच म्हणाली, 'धोट्याचा मात्र आधी काढीन.'

इरफाननं खिशातून पेनड्राइव्ह काढला. डब्याला लावला. पडद्यावर प्रश्न आला — सगळं पुसायचं का? हो की नाही? इरफानचं बोट त्या 'हो'वर.

आप्पा दारात. मनात एक आवाज म्हणतोय, 'गप बस मल्हारी. पोरगी कष्टाळू हाय, परत काढंल. उद्या सगळं इसरतील.' हा आवाज आपल्या प्रत्येकाच्या ओळखीचा आहे, मंडळी. गोड बोलतो, आणि आपल्याला वाचवतो, दुसऱ्याला बुडवतो! आणि दुसरा आवाज होता त्यांचाच, तरुणपणचा, शेडातल्या खडखडाटातला — लेका, खोटं सांगितलंस, तर मी चुकीच्या जागी हात घालीन, आन् चांगला माग वाया जाईल.

'थांब!' आप्पा ओरडले. 'इरफान, हात काढ!'

सगळे दचकले. आप्पा पुढे आले, आणि सुनेसमोर उभे राहिले. इरफानसमोर नव्हे बरं का, सुनेसमोर.

'पोरी, त्यो आपोआप बंद पडला न्हाई. मी बंद केला. ठिपके फिरत हुते, खाली आकडा वाढत हुता. मी बघितलं. खंडेनवमीला यंत्र चालू कसं, म्हनून भितीवरचं बटन दाबलं. धोटा मधी असताना माग बंद केला मी. आन् वर खोटं बोललो. माझी लाज राखायला तुझी मेहनत पुसाय निघालो हुतो.'

आप्पांचा आवाज फुटला. म्हातारा माणूस हात जोडायला गेला, तर रोहिणीनं ते हात वरच्या वर धरले.

आणि इरफान? मंडळी, इरफान हसायला लागला! 'अवं आप्पा, आधी बोलायचं न्हाई व्हय! म्हंजे डिस्क गेलेली न्हाई! डिस्क ठणठणीत हाय. नुसतं अपडेट अर्ध्यात लटकलंय. कारभारी जुनाबी न्हाई आन् नवाबी न्हाई, म्हनून दारातच घुटमळतोय. ते अपडेट मागं घ्यायचं, झालं!' त्यानं पेनड्राइव्ह काढला आणि खिशात टाकला. दुरुस्तीच्या पाटीतून आत गेला, तिथं एक वाट होती — नुकतंच घातलेलं अपडेट काढून टाका. ती निवडली.

आप्पा पुटपुटले, 'आमीबी हेच करतोय की. धोटा अडकला तर जोर लावायचा न्हाई. चाक हातानं उलटं फिरवायचं, धोटा त्येच्या घरात आनायचा, धागं सांधायचं, आन् मग फिरून माग चालू.'

'तेच चाललंय बघा,' इरफान म्हणाला. 'आता येळ लागंल. ठिपके फिरतील. फकस्त कुनी...'

त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत आप्पांनी पाट ओढला आणि भिंतीवरच्या त्या बटनासमोर जाऊन बसले. पाठ बटनाला टेकवून! म्हणाले, 'आता हितं देवी सोता आली, तरी बटनाला हात लावू द्यायचा न्हाई.' आक्काताई चहा घेऊन आल्या. आधी कोणाला दिला? रोहिणीला. आप्पांना नंतर. आणि म्हणाल्या, 'पोरी, मी बोलले तुला. मनावर घिऊ नगंस. मला काय म्हाईत, ह्यो शहाणा घरातच बसलाय!' अशी त्यांची माफी. पण सासूनं सुनेची माफी मागितली, हेच केवढं, टाळ्या वाजवा!

दिवेलागण झाली. वाट बघणं म्हणजे काय, ते त्या घरानं बघितलं. ठिपके फिरतायत, आकडा वाढतोय. मधेच पडदा काळा झाला, रोहिणीनं श्वास रोखला. इरफान म्हणाला, 'घाबरू नका, हे आपोआप हुतंय.' आणि सगळे हसायला लागले, आप्पा सगळ्यांत मोठ्यानं. आयुष्यात एकदाच तो शब्द खरा होता! देवळातून आरतीची घंटा ऐकू आली, आणि पडदा उजळला. रोहिणीचा नेहमीचा पडदा. तिनं फाइल उघडली. आणि पहिला काठ कुठला दिसला? ओळीनं धोटे. एकही धागा तुटलेला नाही. आप्पा पाटावरून उठले आणि या वेळी तोंड धुवायला बाहेर गेले नाहीत, तिथंच सगळ्यांदेखत रडले.

आणि रोहिणीनं पहिलं काम काय केलं? सगळ्या काठांची प्रत काढून इरफानच्या पेनड्राइव्हवर घेतली. 'सावकाश' हा शब्द तिनं त्या दिवशी टाकला. तुम्हीही टाका!

दुसऱ्या दिवशी व्यापारी आले. काठ बघितले. धोट्याचा निवडला असेल ना? नाही हो! चाफ्याच्या कळीचा निवडला! आप्पा दुपारपर्यंत रुसले होते. पण काम ठरलं. चार मागांवर साड्या चढायचं ठरलं.

संध्याकाळी सीमोल्लंघन. आपट्याची पानं घेऊन सगळे घरी आले. रीत काय? धाकट्यांनी थोरांना सोनं द्यायचं, पाया पडायचं. रोहिणी पान घेऊन आप्पांपुढे वाकायला लागली, तर आप्पांनी तिला थांबवलं. आपल्या हातातलं पान आधी तिच्या हातात ठेवलं. सासऱ्यानं सुनेला पहिलं सोनं! आक्काताई म्हणाल्या, 'अवं, हे उलटं झालं!' आप्पा म्हणाले, 'धोटा अडकला की चाक उलटंच फिरवावं लागतं.'

मंडळी, आख्यान संपलं. आता प्रश्नाकडे या. दुरुस्ती कुठून सुरू झाली? पेनड्राइव्हपासून? इरफानपासून? नाही. आप्पांचं तोंड उघडलं, तिथून! माळ घालून काही झालं नाही, मीठमोहऱ्यांनी झालं नाही, चापटीनंही नाही. 'मी केलं' — एवढे दोन शब्द, आणि बंद पडलेलं सगळं चालू!

उद्या तुम्ही घरी जाल. सकाळी हत्यारं काढाल, पुसाल. पुसा. पण एक हत्यार राहून जातं बघा, सगळ्यांत जास्त चालणारं. माग रात्री थांबतो, रिक्षा थांबते, ते झोपेतही थांबत नाही. ही जीभ! तिला हळदकुंकू लावू नका, पोट बिघडेल. तिची पूजा वेगळी आहे. उद्या दिवा लावायच्या आधी घरातल्या माणसांकडे एकदा नीट बघा. कोणाच्या डोक्यावर तुमचं 'आपोआप' बसलंय? सुनेच्या? धाकट्या भावाच्या? ज्यानं कधी उलटून विचारलं नाही, अशा कोणाच्या? त्याच्यासमोर जा. दोन शब्द बोला. मग माळ घाला.

नाही जमलं उद्या, तर परवा दसरा आहेच. कोणाच्या तरी हातात पहिलं पान ठेवायचंय तुम्हाला, आणि कोणाच्या, ते तुम्हाला आत्ता या क्षणी ठाऊक आहे.

उचला टाळ! वाजवा! बोला — खरं बोलायचं बळ देणाऱ्या आईच्या नावानं चांगभलं!